पिंपाला सांगितलेलं

पारूबाई मूळची आमच्या करकंबची. उसाच्या पट्ट्यातली बाई, बोलायला मोकळी, हसली तर चार घरं पलीकडं कळायचं. लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आली ती मागांच्या गल्लीत. तिथं दिवसभर मागांचा खडखडाट चालतो आणि साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. पारूबाईला ते सोपं गेलं. आणि अशा बाईनं नवऱ्याशी अबोला धरला.

भांडणात निदान माणसं बोलतात तरी. हिनं चांगला टिकाऊ अबोला धरला. स्वयंपाक करायचा, ताट वाढायचं, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावायचं, पण तोंडानं त्याच्याकडं बघून शब्द काढायचा नाही. त्रिंबक, तिचा नवरा, अंगानं काटकुळा आणि आधीच कमी बोलणारा. तिनं बोलणं टाकल्यावर त्यानंही ते उचललं नाही.

सुरुवातीला लेक चैताली मधी होती. शाळेतली पोर, दोघांच्या मधी बसून जेवायची.

"चैताली, बापाला म्हणावं, भाकरी घ्या अजून."

"आण्णा, आई म्हणतीया भाकरी घ्या अजून."

"आईला म्हणावं, नको. कोरड्यास आळणी हाय."

"आई, आण्णा म्हणत्यात..."

"ऐकलं. म्हणावं, मीठ हाताशी हाय."

पोरीचं त्यात काही बिघडलं नाही. तिला वाटायचं सगळ्यांच्या घरात असंच बोलतात. मग तिचं लग्न झालं, ती पुण्याकडं गेली आणि मधलं माणूसच संपलं. घर बंद पडलेल्या कारखान्यासारखं झालं. दोघंजण एकाच खोलीत, एक भिंतीकडं तोंड करून, एक दाराकडं.

दोन खोल्यांचं घर. मधल्या चौकटीला लागून पाण्याचं पिंप. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिसांनी येतं, त्यामुळं पिंप घरात माणसासारखं जागा धरून असतं. हे हिरवं, उंच, तोंडाला निमुळतं, कधीकाळी रंगाच्या कारखान्यातनं आलेलं. एका पहाटे पाणी आलं. त्रिंबक पांघरूण घेऊन पडलेला. पारूबाई हाताला येईल ते भरत होती, मोटर लावायची राहिली होती. तिनं पिंपावर तळवा आपटला आणि म्हणाली, "पिंपा, त्यास्नी म्हणावं, पाणी आलंय."

त्रिंबक उठला, मोटर लावली. परत येऊन पिंपाकडं बघत म्हणाला, "तिला म्हणावं, पायीप फाटलाय. चिंधी दे."

झालं. तवापास्नं पिंप चैतालीच्या जागेवर बसलं.

शेजारच्या काशम्माला याची मोठी गंमत. काशम्मा अक्कलकोटकडची, निम्मं कानडी, निम्मं मराठी. दारातनं डोकावून म्हणायची, "पारू, तुझा पिंप आज काय म्हणतंय गं? माझ्या घरातला नवरा तर पिंपाएवढाबी बोलत न्हाई."

"तुजा नवरा बोलतोय की, दारू पिल्यावर."

"ते बोलणं व्हय यव्वा? ते सांडणं."

पिंपामार्फत संसार चालला. चहा निवतोय, गॅस संपलाय, बल्ब गेलाय, चैतालीचा फोन आला होता. एवढ्या आकाराचं बोलणं पिंपातनं नीट जायचं. पण पारूबाईच्या पोटात एक प्रश्न होता, तो त्यातनं जात नव्हता. बाकी सगळं पिंपाला सांगून झालं, तो तेवढा राहिला.

तो प्रश्न असा. पारूबाईची आई करकंबात वारली, रात्री. तिच्या भावानं त्रिंबकला फोन केला, कारण त्रिंबक तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीवर होता आणि घरातला एकुलता मोबाईल त्याच्याकडं. म्हणाला, सकाळी लवकर उरकायचं आहे, रातीच निघा. त्रिंबक घरी आला तो उजाडल्यावर. तेव्हा सांगितलं. दोघं एस्टीनं पोचली तर सरण विझत आलं होतं. पारूबाईला आईचं तोंड दिसलं नाही. राखेजवळ उभं राहून तिनं विचारलं, "फोन कवा आलता?" त्रिंबक म्हणाला, "रातीच." हेच त्यांचं शेवटचं समोरासमोरचं बोलणं.

दुसऱ्या पाळीची माणसं काम सुटलं की गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्यांवर आडवी होतात, हे गल्लीला ठाऊक होतं. पारूबाईनं ते चित्र मनात धरलं. माझी आई तिकडं जमिनीवर घेतलेली, आणि हा मऊ गठ्ठ्यावर घोरतोय. त्याला झोप कशी लागली, एवढंच तिला विचारायचं होतं. रोज टॉवेलांच्या कडेच्या दशा वळताना तिची बोटं चालायची आणि त्यांच्यासोबत तो प्रश्न पण वळला जायचा, घट्ट.

आता चैतालीनं फोनवर ठरवून टाकलं होतं. "आई, तू इकडं ये. कायमची. आण्णा राहतील त्यांचे. ते एमआयडीसीत वॉचमन, जेवण तिथं कँटीनला. तुला त्या पिंपाशी बोलत म्हातारी होऊ देणार नाही मी." पारूबाई हो म्हणाली. रविवारी चैताली न्यायला यायची होती. पिशवी भरून कॉटखाली सरकवली होती. आणि ही गोष्ट पारूबाईनं पिंपाला सांगितली नव्हती.

त्याच आठवड्यात शूटिंगवाले आले.

आधी एकदा ते जागा बघायला गल्लीत फिरून गेले होते. इंद्रजीत म्हणून पोरगा, दाढी राखलेला, तो मुख्य. मोबाईलवर दिसणारी सिरीज काढत होता, खुनाची. त्याला जुनं, अंधारं, खरं घर पाहिजे होतं. तो दारात उभा राहिला तेव्हा त्रिंबक हातभर अंतरावर बसून दाढी करत होता, आणि पारूबाई पिंपाला म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, दारात माणूस आलंय."

त्रिंबक आरशातनं पिंपाकडं बघून म्हणाला, "तिला म्हणावं, दिसतंय मला."

इंद्रजीतच्या अंगावर काटा आला म्हणे. तो परत गेला आणि त्यानं गोष्टच बदलली. आधी त्याच्या सिरीजमध्ये नवऱ्याचं प्रेत कपाटात सापडायचं होतं. आता ठरलं पिंपात. एक बाई, तिचा नवरा नाहीसा झालेला. पोलीस येतात, चहा पिऊन जातात, बाई कामं करत पिंपाशी बोलत राहते, म्हणावं जेवायला या, म्हणावं उशीर झाला. सगळ्यांना वाटतं दुःखानं वेडी झाली. शेवटी झाकण उघडतं.

इंद्रजीतनं हे सगळं पारूबाईला समोर बसून सांगितलं. लपवलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

पारूबाईनं सगळं ऐकून घेतलं. "मारला कशापायी तिनं?"

"मावशी, तो तिच्याशी बोलत नसतो. वर्षानुवर्षं."

"एवढ्यापायी? मग आमच्या गल्लीत गडी शिल्लक ऱ्हायचा न्हाय."

काशम्मा दारातनं म्हणाली, "माझा आधी घ्या. पिंप मी देते."

शूटिंगच्या दिवशी त्यांनी घराला काळं कापड लावलं. खिडकी झाकली, दार झाकलं, कौलांच्या फटीतनं येणारे उन्हाचे ठिपकेसुद्धा झाकले. बाहेर दुपार रणरणती, आणि आत रात्र. कुठूनतरी धूर सोडला, तो जमिनीवरनं हळूहळू सरकत पिंपाच्या बुडाशी जाऊन बसला. छताजवळ एक दिवा टांगला आणि सांगितलं, हा चंद्र. त्याचा उजेड निळसर, दुधात पाणी घातल्यासारखा, मांडणीतल्या पितळी डब्यांवर पडला. पारूबाई त्या डब्यांना रोज राखेनं घासत होती. ते डबे इतके देखणे आहेत हे तिला माहीत नव्हतं.

ती काशम्माच्या पायरीवर बसली, समोर टीव्हीसारखा पडदा लावला होता त्यात बघत. त्यात तिचं घर दिसत होतं. तिचीच चूल, तिचाच पाट, आणि तिच्याच जुन्या जांभळ्या लुगड्यात एक परकी बाई वावरत होती. संस्कृती नावाची नटी, नाजूक, मानेचा मणका दिसणारी. ती चालायची, थांबायची, पिंपाजवळ जायची, त्याला गाल लावायची. पारूबाईनं कधी पिंपाला गाल लावला नव्हता. तरी बघता बघता तिला वाटायला लागलं, लावला असंल. कुठल्यातरी दुपारी झोपेत उठून लावला असंल, आपल्यालाच आठवत न्हाय.

शूट सुरू व्हायच्या आधी एक पोरगी गल्लीतनं पळत सांगत जायची, आणि एकेक माग बंद व्हायचा. आधी लांबचे, मग जवळचे. शेवटचा माग थांबला की गल्लीत जी शांतता पडायची ती पारूबाईनं इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. कावळ्याचे पाय पत्र्यावर वाजलेले ऐकू यायचे. कुणाच्या तरी घरात दूध उतू जाताना होणारा आवाज. माणसं दारात येऊन नुसती उभी राहायची, हात लोंबकळत सोडून, जणू गल्ली आत्ताच जागी झाली आणि काय करायचं ते ठाऊक नाही. मग कट म्हटलं की पुन्हा खडखड.

त्रिंबक रजा टाकून आला होता. तो गल्लीच्या टोकाला भिंतीला टेकून बिडी ओढत बघत होता. नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं नाही. दोघंही बघत होती ती पडद्यातल्या आपल्या घराकडं.

घोळ झाला तो शेवटच्या शॉटला. नवऱ्याचं काम करणारा नट अंगानं भरलेला. पिंपात उतरला आणि कमरेला अडकला. वर येईना, खाली जाईना. चौघांनी काखेत हात घालून ओढला. पोटाला खोबरेल लावलं तेव्हा कुठं निघाला.

काशम्मा म्हणाली, "हे मढं तर पिंप फोडून बाहेर येतंय."

इंद्रजीत डोकं धरून बसला. नुसता डोक्याचा माथा दिसायला पाहिजे होता, तोंड नाही. त्याची नजर फिरत फिरत गल्लीच्या टोकाला गेली, काटकुळ्या त्रिंबकवर.

"काका, पिंपात बसाल का?"

त्रिंबकनं बिडी विझवली. "पाणी हाय का आत?"

"कोरडं आहे."

"मग बसतो की."

तो आत उतरला. गुडघे छातीशी घेऊन बसला, बरोबर मावला. एवढ्यात दुसरी अडचण. पिंपाच्या काठावर हात ठेवायचा शॉट अगदी जवळनं होता आणि संस्कृतीचे हात दिसले की ते नखं राखणाऱ्या बाईचे दिसत होते. इंद्रजीतला दशा वळून कडक झालेली बोटं पाहिजे होती.

"मावशी, तुमचे हात द्या. फक्त पिंपाजवळ उभं राहायचं आणि रोज बोलता तसं बोलायचं. काहीही बोला. आवाज आम्ही नंतर दुसरा टाकणार आहोत."

पारूबाई उठली. आपल्याच घराचा काळा पडदा बाजूला सारून आत गेली. दुपारच्या उन्हातनं एकदम रात्रीत. पाय धुरात बुडाले, दिसेनासे झाले. चंद्र पिंपावर होता. तिनं वाकून आत बघितलं. त्रिंबकच्या माथ्यावरचे केस विरळ झाले होते, मधी टाळूचा रुपयाएवढा चकाकता भाग. तिनं तो बघितलेला नव्हता. रोज ताट वाढताना ती त्याच्या हाताकडंच बघायची.

बाहेर माग थांबत गेले. शेवटचा थांबला.

"ॲक्शन," इंद्रजीत हळूच म्हणाला.

पारूबाईनं पिंपाच्या काठावर हात ठेवला. सवयीनं तोंडात आलं ते बोलली. "पिंपा, त्यास्नी म्हणावं..."

आणि थांबली. कारण ते पिंपातच होते.

ती उभी राहिली. धूर तिच्या पिंढऱ्यांना लागत होता, गार. त्या खोट्या रात्रीत तिला खरी रात्र आठवली, करकंबच्या घराची, ओसरीवर घेतलेल्या आईची, जी तिनं बघितलीच नव्हती आणि तरी पाठ होती. पोटातला प्रश्न वर आला. या वेळी त्याला अडवायला मधी काही नव्हतं.

"माझी आई मेली त्या रातीला," ती म्हणाली, "तुमाला झोप कशी लागली?"

पिंप उंच, तोंडाला निमुळतं, त्यातनं आवाज आला तो विहिरीतनं आल्यासारखा गोल, जड.

"झोपलो न्हवतो."

"कट," इंद्रजीत म्हणाला. "काका, काय करताय? तुम्ही मेलेले आहात."

"व्हय. पर ती इचारतीया की."

कॅमेरावाला हसला. पोरं हसली. बाहेर काशम्मा पदर तोंडात धरून खिदळली. पारूबाई हसली नाही. तिचा हात काठावरच होता.

"पुन्हा घेऊ. काका, आता काहीही झालं तरी आवाज नाही. मेलेला माणूस बोलत नाही."

"ते म्हाईत हाय मला," पिंपातनं त्रिंबक म्हणाला. "लई वरसं करतोय."

पुन्हा शांतता. पुन्हा ॲक्शन. पारूबाईनं आत बघितलं. टाळूचा तो चकाकता भाग हलत नव्हता.

"मग कुटं हुता?" तिनं विचारलं.

त्रिंबक सांगितल्याप्रमाणं मेलेला राहिला. पण त्याचा एक हात गुडघ्यावरनं वर आला, आतनं काठाजवळ, बरोबर तिच्या बोटांच्या खाली येऊन पिंपाला टेकला. मधी फक्त प्लास्टिकची जाडी. तिला ते कळलं, पिंप तेवढं हललं.

"कट. फार सुंदर. मावशी, हेच पाहिजे होतं."

लोक उठले. दिवे सोडायला लागले, तारा गुंडाळायला लागले. बाहेर माग एकामागं एक सुरू झाले आणि गल्ली पुन्हा खडखडाटानं भरून गेली. त्रिंबक पिंपातनं काहीतरी म्हणत होता, पण ऐकू येईना. पारूबाईनं पिंपात डोकं घातलं. बाहेरनं बघणाऱ्याला दिसलं असतं, एक बाई कमरेपर्यंत वाकलेली, पिंपात डोकं, धूर पायाशी.

आत खडखडाट कमी होता. आत अंधार होता आणि त्याच्या बिडीचा वास.

"फोन आला तसा मी निघून आलो हुतो," त्रिंबक खाली मान घालून म्हणाला. "दारापतूर आलो. आत तू आन चैताली कशावरनं तरी हसत हुता. लई हसत हुता. मला सांगवंना. म्हणलं, जरा थांबू. जरा हसू दे. मग मागं फिरलो. तळ्यावर जाऊन बसलो."

"रातभर?"

"उजाडंपतूर."

"आन माझी आई जळाली की."

"व्हय," तो म्हणाला. "चूक झाली."

पारूबाईनं डोकं बाहेर काढलं. चंद्र खाली उतरवत होते दोन पोरं. कापड निघालं आणि कौलांच्या फटीतनं उन्हाचे ठिपके पुन्हा जमिनीवर पडले, जिथल्या तिथं. त्या रातीला आपण कशावर हसत होतो हे तिनं आठवून बघितलं. काहीच आठवलं नाही. इतकं हसायला काय होतं, देव जाणे.

त्रिंबकला पिंपातनं काढायला कुणाला बोलावलं नाही. तिनंच हात दिला. तो कण्हत, गुडघे मोडत बाहेर आला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

तेवढ्यात इंद्रजीत आला. "मावशी, एक विनंती. पुढचं शूट मुंबईला स्टुडिओत आहे. हाच पिंप लागेल, नाहीतर पडद्यावर फरक कळतो. आम्ही नेला तर चालेल? नवा आणून देतो चार दिवसांत."

त्रिंबकनं पिंपाकडं बघितलं. काशम्मा पण दारात येऊन बघत होती. गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं ते पिंप काय आहे.

"घिऊन जावा," पारूबाई म्हणाली. "आन नवं आणू नका."

दोघा पोरांनी पिंप आडवं केलं आणि गडगडवत दाराबाहेर नेलं. टेम्पोत चढवताना ते दणकन वाजलं. मग टेम्पो गेला. चौकटीला लागून जमिनीवर एक गोल डाग राहिला, ओला, हिरवट, शेवाळ धरलेला. इतक्या वर्षांत तिथं फरशी होती हे दोघंही विसरले होते. आता आतल्या खोलीतनं बाहेरची खोली सरळ दिसत होती.

पारूबाई फडकं घेऊन डाग पुसायला बसली. त्रिंबक उंबऱ्यात उभा. त्यानं सवयीनं पिंपाच्या जागेकडं बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. मग नजर उचलून तिच्याकडं बघितलं.

"मग पाणी कशात भरायचं?"

पारूबाईचं फडकं थांबलं नाही. "बादल्या हायत की. आन घागरी हायत."

"पुरंल का?"

"दोघास्नी पुरंल."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, कॉटखाली पिशवी भरलेली आहे. ती तशीच फरशी घासत राहिली. डाग सगळा जाईना.

"रविवारी चैताली येतीया," ती म्हणाली. "मला न्ह्यायला. तुमाला सांगितलं न्हवतं."

त्रिंबक उंबऱ्यावर बसला. खिशातली बिडी काढली, पेटवली नाही, बोटांत फिरवत राहिला.

"किती दिसांसाठी?"

बाहेर मागांचा आवाज इतका होता की त्याला मोठ्यानं विचारावं लागलं, आणि काशम्मानं तिच्या घरात ते ऐकलं. नंतर तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं, त्रिंबक ओरडला म्हणून. तो ओरडला नव्हता.

पारूबाईनं फडकं पिळलं, हिरवं पाणी बादलीत पडलं.

"पाणी कवा येतंय बघू," ती म्हणाली. "माझ्याबिगर तुमाला घागरी उचलायच्या न्हाईत. पाण्याचा वार बघून जाते, आन पुढच्या पाण्याच्या आत येते."

"मोटरीचा पायीप फाटलाय अजून."

"मग चिंधी घ्या की. मला काय इचारता."

त्यानं चिंधी घेतली. सांगायला कुणी मधी नव्हतं, म्हणून तिनंच हातानं दिली.